क्रीडा शुल्क कोणाच्या खेळासाठी?



प्रवेशाचे दिवस आले की घरोघरी पैशांची जुळवाजुळव सुरू होते. कोणी भिशी उचलतो, कोणी मामूंकडून उसने आणतो, कोणी शिष्यवृत्तीच्या भरवशावर अर्ज भरतो. महाविद्यालयाची पावती हातात आली की आपण खालची बेरीज पाहतो आणि ती घडी करून फाइलमध्ये ठेवून देतो. त्या बेरजेच्या वर दहा-पंधरा ओळी असतात. शिक्षण शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, ओळखपत्र, परीक्षा, आणि त्यांतच एक ओळ असते क्रीडा शुल्काची. रक्कम लहान असते, म्हणून तिच्याविषयी कोणी विचारत नाही. आज आम्ही त्या एका ओळीविषयी लिहिणार आहोत. हा पैसा आपला मुलगा देतो, आपली मुलगी देते. त्यावर खेळते कोण?

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते बोलू या. इथली महाविद्यालये पूर्वी नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. २७ सप्टेंबर २०११ रोजी या दोन जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय गडचिरोलीला आले. दोन्ही जिल्ह्यांचे क्षेत्रफळ मिळून पंचवीस हजार चौरस किलोमीटरहून अधिक भरते आणि त्यातला मोठा भाग जंगलाचा आहे. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागड, एटापल्ली हे रस्तेही लांबचे. पावसाळ्यात नाले भरले की एस.टी. वाटेत थांबते. रेल्वे म्हणाल, तर गडचिरोली जिल्ह्यात वर्षानुवर्षे वडसा हेच एक स्टेशन लोकांच्या कामी आले. हा भूगोल आधी सांगण्याचे कारण असे की, इथे खेळावरचा पैसा कुठे खर्च होतो यावर तो कोणाच्या वाट्याला येतो हे ठरते. मुख्यालयी कितीही सुंदर मैदान झाले, तरी अहेरीच्या मुलीला संध्याकाळी तिथे जाऊन खेळता येणार नाही.

आता हा पैसा फिरतो कसा ते पाहू. महाविद्यालय क्रीडा शुल्क घेते. त्यातला काही भाग महाविद्यालयाकडे राहतो, काही विद्यापीठाकडे जातो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, सराव शिबिर होते आणि मग संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांना रवाना होतो. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवही आपल्या वाचकांना ठाऊक असेल. प्रवासभाडे, दैनिक भत्ता, गणवेश, बूट, पंचांचे मानधन, शिबिरातले जेवण, असा सगळा खर्च त्यात येतो.

हा खर्च वाया जातो असे आम्ही म्हणणार नाही. जंगलातल्या मुलांना संधी आणि तयारी मिळाली, तर ती काय करतात हे आपण पाहिले आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले. आदिवासी विकास विभाग आणि जिल्हा प्रशासन यांनी 'मिशन शौर्य' या नावाने त्यांची निवड, प्रशिक्षण आणि खर्च यांची जबाबदारी घेतली होती. त्या मुलांचा अभिमान आम्हालाही आहे.

पण हिशेब करून पाहा. समजा, एका तालुक्याच्या महाविद्यालयात सहाशे विद्यार्थी आहेत. कबड्डीच्या संघात बारा, व्हॉलीबॉलच्या संघात बारा. मुलांचे आणि मुलींचे असे चार संघ धरले, तर अठ्ठेचाळीस जण झाले. म्हणजे शंभरातले आठ. बहुतेक ठिकाणी तीच मुले दोन्ही खेळांत असतात, तेव्हा खरा आकडा याहून कमीच भरेल. उरलेले साडेपाचशे जण शुल्क तेवढेच देतात. त्यांच्या वाट्याला वर्षातून एकदा वार्षिक संमेलनातली रस्सीखेच आणि संगीतखुर्ची येते, किंवा तेही येत नाही.

ज्याला पदक मिळणार नाही, ज्याला पदक नकोच आहे, ज्याला आठवड्यातून तीन दिवस तासभर दोस्तांबरोबर खेळून घाम गाळायचा आहे, त्याचा या पैशावर हक्क आहे की नाही? आमच्या मते आहे, आणि तो मागण्याची वेळ आली आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. जिथे विद्यापीठांच्या खेळांवर अफाट पैसा खर्च होतो त्या अमेरिकेतही तो होता, आणि तिथे त्यावर एक सरळ वाट काढली गेली. तिथल्या अनेक विद्यापीठांत खेळाच्या तीन पायऱ्या असतात. पहिली, विद्यापीठाच्या निवडक संघांची. दुसरी, विद्यार्थ्यांनी स्वतः चालवलेल्या क्लबांची. हे क्लब इतर विद्यापीठांच्या क्लबांशी हौसेने सामने खेळतात. तिसरी, विद्यापीठाच्या आतल्या आत होणाऱ्या सामन्यांची. त्यात वसतिगृह विरुद्ध वसतिगृह, वर्ग विरुद्ध वर्ग, ज्याला वाटेल तो उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला पैसा बहुधा विद्यार्थ्यांच्या शुल्कातून मिळतो. क्लब वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक देतो, सभासदांची थोडी वर्गणी जमवतो, आणि अनेक ठिकाणी निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींची समिती कोणाला किती द्यायचे ते ठरवते. वर्षअखेर हिशेब दिला नाही, तर पुढच्या वर्षी पैसे मागायला तोंड राहत नाही. या पद्धतीतही खोट आहे. ज्या क्लबाचा आवाज मोठा, त्याला वाटा मोठा मिळतो. तरी एक गोष्ट तिच्यातून घेण्यासारखी आहे : संघाचा पैसा वेगळा, सर्वांच्या खेळाचा पैसा वेगळा, आणि दोन्ही कागदावर दिसले पाहिजेत.

आपल्याकडे क्लब म्हटले की लोकांना मोठे काही वाटते. फाटक, सभासदत्व, चहापानाची खोली. महाविद्यालयातला क्लब एवढा साधा असू शकतो : वीस-पंचवीस मुले, एक जबाबदार शिक्षक, एक वही, एक कुलूप लावायची पेटी आणि ठरलेली वेळ. बॅडमिंटनचा क्लब, व्हॉलीबॉलचा क्लब, बुद्धिबळ-कॅरमचा क्लब, रविवारी सकाळी चालायला किंवा सायकलवर जाणाऱ्यांचा क्लब. एक चांगला व्हॉलीबॉल हजार रुपयांच्या आसपास येतो. मैदान आखायला फक्की लागते, नेट लागते, शिट्टी लागते, प्रथमोपचाराची पेटी लागते.

पुन्हा समजाच, की सहाशे विद्यार्थी प्रत्येकी साठ रुपये क्रीडा शुल्क देतात आणि ते सगळे महाविद्यालयाकडे राहते. छत्तीस हजार रुपये झाले. त्यातले अर्धे संघांना दिले आणि अर्ध्यात चार क्लब चालवले, तर प्रत्येक क्लबाला वर्षाला साडेचार हजार मिळतात. प्रत्येक क्लबात पंचवीस मुले-मुली म्हणजे शंभर जण खेळायला लागले. अठ्ठेचाळीसच्या जोडीला आणखी शंभर! हा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या पावतीवरची रक्कम घालून तुम्ही घरीच हे गणित करून पाहा.

पैशाबाबत एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मोठ्या बांधकामाला पैसा देणारे सापडतात; दर महिन्याच्या शटलला कोणी सापडत नाही. इमारतीवर पाटी लागते, उद्घाटन होते, फोटो छापून येतो. शटल फुटते, नेट झिजते, फक्की पावसात वाहून जाते, त्यावर कोणाच्या नावाची पाटी लागणार? म्हणून कुठे कुठे असे होते की व्यायामशाळा उभी असते, यंत्रे गंजलेली असतात आणि किल्ली कोणाकडे आहे ते कोणाला माहीत नसते. एकदाच लागणारा पैसा आणि दरवर्षी लागणारा पैसा या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या पाहिजेत.

एकदाच लागणाऱ्या पैशाचे मार्ग आपल्या भागात आहेत. चंद्रपूर हा कोळशाचा, सिमेंटचा आणि विजेचा जिल्हा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण खेळांचे प्रशिक्षणही आहे. खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. खनिजाच्या रॉयल्टीशी जोडलेला निधी तिथे जमा होतो आणि त्याच्या नियमांत शिक्षणाखाली क्रीडा सुविधांचाही उल्लेख आहे. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या अनुदान योजना चालतात. मैदान सपाट करणे, कुंपण, दिवे, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह यांसाठी महाविद्यालयाने अर्ज करायचे ते इथे.

दरवर्षी लागणारा लहान पैसा मात्र शुल्कातूनच यायला हवा. तो विद्यार्थ्यांचा आहे, दरवर्षी येतो आणि कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही. यासाठी शुल्क वाढवा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या घरात पन्नास रुपयांचाही विचार होतो, तिथे नवा बोजा नको. आहे त्याच रकमेचा वाटा मागायचा आहे.

काही भाई विचारतील, जमातीतून मदत करावी का? जरूर करावी. पण जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत; क्लबाचे बॉल आणि नेट त्यात बसवू नयेत. ज्याला द्यायचे त्याने ती वेगळी देणगी म्हणून द्यावी, महाविद्यालयाच्या नावाने द्यावी, पावती घ्यावी, आणि ती सर्व विद्यार्थ्यांसाठी द्यावी. मैदानावर गोंड, माडिया, दलित, कुणबी, तेली, मुसलमान अशी सगळीच मुले असतात. एकाच बॉलने खेळणाऱ्या मुलांची ओळख पुस्तकातल्या धड्यापेक्षा पक्की होते.

हा विषय आम्हाला एवढा महत्त्वाचा का वाटतो, तेही सांगतो. आपल्या भागातली संध्याकाळ पाहा. वर्ग सुटले की पानठेल्यावर घोळका जमतो. खर्रा घोटला जातो, एक पुडी चौघांत फिरते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तंबाखू आणि दारूविरुद्ध 'मुक्तिपथ' हे अभियान तिथे वर्षानुवर्षे गावोगाव काम करीत आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी असो वा नसो, अठरा-वीस वर्षांच्या पोराला संध्याकाळी पाच ते सात या वेळात जायला जागा हवी असते. 'तिकडे जाऊ नको' एवढे सांगून भागत नाही, 'मग कुठे जाऊ?' याचे उत्तर द्यावे लागते. ज्याचा सहा वाजता व्हॉलीबॉलचा डाव ठरला आहे, त्याला पानठेल्यावर उभे राहायला वेळ कमी मिळतो. खेळाने व्यसन सुटतेच असा दावा आम्ही करीत नाही. पण रिकामी संध्याकाळ व्यसनाला सोपी जाते, हे कोणत्याही आईला विचारा.

शरीराचा प्रश्न तर आहेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. आपल्या घरांत चाळिशीतच साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेली माणसे कमी नाहीत. सवय लागण्याचे वय महाविद्यालयाचे असते, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची हालचाल थांबते.

सगळ्यात आधी थांबते ती मुलींची. शाळेत लंगडी-खो-खो खेळणारी मुलगी अकरावी-बारावीनंतर मैदानाच्या कडेने घरी जाते. याला महाविद्यालय जबाबदार आहे तसे आपण घरातलेही आहोत. अम्मीची काळजी खोटी नसते : उशीर होईल, एस.टी. चुकेल, मैदानाभोवती टवाळ पोरे उभी राहतील, कपडे कसे असतील? या काळजीचे उत्तर बंदीने देऊ नये, व्यवस्थेने द्यावे. मुलींच्या क्लबाची वेळ वर्ग सुटल्याबरोबर ठेवता येते. हॉलमध्ये बॅडमिंटन, टेबल टेनिस, बुद्धिबळ घेता येते. बाईंची हजेरी सक्तीची करता येते. शेवटच्या गाडीआधी खेळ संपवता येतो. कपड्यांचे म्हणाल, तर फुटबॉलच्या जागतिक नियमांत २०१४ पासून आणि बास्केटबॉलच्या नियमांत २०१७ पासून डोके झाकून खेळायला परवानगी आहे. हौसेच्या क्लबात तर गणवेशाची सक्ती करण्याचे काही कारणच नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर प्रेषित (स.) यांनी धावण्याची शर्यत लावली होती, हा प्रसंग आपल्या घरांत कौतुकाने सांगितला जातो. मग आपल्या मुलीच्या धावण्याला आपण का अडखळावे?

पैशाचा वाटाही मुलींना सरळ मिळाला पाहिजे. अमेरिकेत १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी असा भेद चालणार नाही. त्यानंतर तिथे खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटींनी वाढली. मुलींना आवडच नाही, असे आधी म्हणणारे तिथेही होतेच. संधी मिळाल्यावर आवड दिसली. आपल्याकडे मुलीही मुलांइतकेच क्रीडा शुल्क देतात, तेव्हा क्लबांतला निम्मा पैसा त्यांच्या खेळावर खर्च व्हावा, ही मागणी जास्तीची नाही.

आपल्या हवेचा विचार करूनच वर्ष आखावे लागेल. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. मार्चपासूनच दुपारी मैदानावर कोणाला उतरवू नये. जुलै-ऑगस्टला पाऊस. म्हणून पावसाळ्यात हॉलमधले खेळ, ऑक्टोबर ते फेब्रुवारी मैदानी खेळ, आणि उन्हाळ्यात फक्त सकाळ. रमजानमध्ये रोजेदार मुलांसाठी वेळ बदलून घेता येते. शिक्षकांना आधी सांगितले तर बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

आता करायचे काय? भांडण करायचे नाही, विचारायचे आहे. पालक-शिक्षक सभेत आपण मुलाचे गुण विचारतो. पुढच्या सभेत हे चार प्रश्नही विचारावेत : क्रीडा शुल्क एकूण किती जमले? महाविद्यालयाकडे किती राहिले आणि विद्यापीठाकडे किती गेले? त्यातले संघांवर किती आणि सर्वांच्या खेळावर किती खर्च झाले? किती मुली खेळल्या? २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. आपल्या ओळखीचे कोणी तिच्यात असतील, तर क्लबांसाठी वेगळी ओळ घालायला सांगावे. सौजन्याने विचारूनही शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयाकडून उत्तर मिळाले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. दहा रुपये शुल्काचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. पण तो शेवटचा मार्ग ठेवावा. बऱ्याच ठिकाणी खेळाचे सर एकटे असतात. स्पर्धांची पळापळ, कागदपत्रे आणि परीक्षेची ड्यूटी करून ते थकलेले असतात. पालक क्लबाच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांनाही बळ येईल.

मुलांनीही आपला भाग उचलावा. वीस जणांच्या सहीचा अर्ज लिहावा, कोणता खेळ, कोणते दिवस, काय सामान, किती रुपये हे त्यात स्पष्ट असावे. सामानाची वही ठेवावी. बॉल हरवला तर कोणी भरायचा, हे आधी ठरवावे. वर्षअखेर एका पानावर हिशेब लिहून फलकावर लावावा. पैसे मागणाऱ्याने हिशेब देण्याची तयारी आधी दाखवली, की नाही म्हणणाऱ्याला कारण उरत नाही.

'अभ्यासाचे नुकसान होईल' असे काही अब्बा म्हणतील. आठवड्यातले तीन तास आहेत हे. मोबाइलमध्ये त्याहून जास्त वेळ एका दिवसात जातो.

आपण दुसऱ्याच्या हाती पैसा सोपवतो तेव्हा त्याला अमानत म्हणतो. साठ रुपये असोत की साठ हजार, अमानतीचा हिशेब सारखाच असतो. तो घेणाऱ्याने द्यायचा असतो आणि देणाऱ्याने मागायचा असतो. सहाशे घरांनी क्रीडा शुल्क दिले आहे, तर खेळ सहाशे मुलांपर्यंत पोचावा. सगळे खेळणार नाहीत, हे मान्य. पण ज्याला खेळावेसे वाटेल त्याला पेटीत बॉल सापडला पाहिजे आणि पेटीची किल्ली कोणाकडे आहे ते ठाऊक असले पाहिजे. तुमच्या महाविद्यालयात असा क्लब चालत असेल, तर तो कसा चालतो, पैसा कुठून येतो, मुली येतात का, हे आम्हाला जरूर लिहून कळवा. इतरांना त्यातून वाट सापडेल, इन्शाअल्लाह.